कार्ड हातात पडेपर्यंत

सांगलीहून पोलिसांचा दाखला घेऊन मी घरी पोचलो, तेव्हा बायको दारातच उभी होती.

"मामंजी कोरेगावला गेलं," ती म्हणाली. "मगाशीच्या गाडीनं. धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून."

"कोरेगावला? कशाला?"

"तुमचा नारळ आणाय."

मी उंबऱ्यावरच बसलो. हातातला दाखला घामानं ओला व्हायला लागला होता. तो तिनं काढून घेतला आणि आत ट्रंकेत ठेवला. आबांना तू अडवलं का नाहीस, असं मला विचारायचं होतं. पण पटका बांधून निघालेल्या आबांना अडवणं म्हणजे काय, हे मलाही ठाऊक होतं.

आणीबाणी उठली त्या सालचा हा चैत्र. आमचं गाव विट्याच्या पूर्वेला, पावसावरच्या जमिनीचं. बाजरी आणि मेंढरं. पोरं जरा हाताशी आली की गलाईच्या कामाला बाहेर पडायची. सराफांच्या दुकानातली झाडलोट, जुने दागिने, तारेचे तुकडे गोळा करायचे, भट्टीत वितळवायचे, तेजाबानं शुद्ध करायचे आणि चोख सोनंचांदी परत द्यायची. हिंदुस्थानातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या बोळात भट्टीपुढं आमच्याकडचा माणूस बसलेला असतो. मीही सातवीतनं उठलो आणि उत्तरेकडे गेलो. तिथनं मी अमेरिकेला पोचलो, तो कोरेगावच्या एका आडत्यांमुळे.

त्यांची कोरेगावच्या बाजारात घेवड्याची आणि बटाट्याची पेढी होती. धाकटा भाऊ शिकून अमेरिकेत गेला होता आणि न्यूयॉर्कच्या अलीकडे त्यानं सोनं गाळायचं लहान दुकान काढलं होतं. त्याला भट्टीवर आपल्याकडचा, विश्वासाचा माणूस पाहिजे होता. आडत्यांनी चौकशी करत करत मला गाठलं. तात्पुरत्या परवान्यावर मी गेलो. इंग्रजी म्हणजे आकडे आणि 'थँक्यू', एवढंच. पुढं मालकानं माझ्या नावानं सरकारात अर्ज घातला: ह्या कामाला इथला माणूस मिळत नाही, हाच माणूस मला कायमचा हवा. तो अर्ज मंजूर झाला. आता मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत द्यायची, व्हिसा घ्यायचा, तिकडं गेल्यावर ग्रीन कार्ड. आणि कार्ड आलं की बायकोला आणि लेकीला नेता येणार होतं. त्याच कामासाठी, पोलिसांचा दाखला आणि बाकीचे कागद जमवायला, मी गावी येऊन बसलो होतो.

मालक वाईट नव्हता. हे मी आजही कुणालाही सांगेन. तेजाबाच्या धुरानं मला एकदा छातीत भरलं, तेव्हा तो स्वतः गाडी काढून दवाखान्यात घेऊन गेला आणि रात्रभर बाकावर बसून राहिला. पण दुकान तळघरात होतं. खिडकी एकच, तीही रस्त्याच्या फरशीच्या पातळीवर, त्यातनं लोकांचे बूट दिसायचे. भट्टीच्या मागं पडदा लावून माझी खाट. तिथं बाईमाणसाला कसं आणायचं? त्याच रस्त्यावर सोनंच गाळणारा, इटलीकडचा एक म्हातारा होता. त्याची कामाची जागा वर, हवेशीर, आणि माडीवर दोन खोल्या रिकाम्या. माझं काम त्यानं पाहिलं होतं. हातवारे करून, अर्धं बोलून, त्यानं मला सांगितलं की तू माझ्याकडे ये, खोल्या तुझ्या.

दुकानात माझ्याबरोबर पंजाबकडचा एक माणूस होता, त्याला ह्या कागदांची माहिती होती. तो मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला होता की अर्ज मालकाच्या नावावर आहे, तुझ्या नाही. मुलाखतीला त्याचं ताजं पत्र लागतं, की काम अजून आहे आणि ते ह्याच माणसाचं आहे. त्यानं पत्र दिलं नाही तर सगळं पुसलं गेलं. दुसरा मालक म्हणजे पुन्हा पहिल्यापासनं अर्ज, पुन्हा काही वर्षं. तेव्हा कार्ड हातात पडेपर्यंत त्या म्हाताऱ्याचं नाव तोंडातनं काढू नकोस.

मी नाव काढलं ते फक्त घरात. जेवताना, आनंदाच्या भरात, बायकोला माडीवरच्या खोल्यांचं सांगत होतो. आबा शेजारी भाकरी मोडत होते. त्यांनी विचारलं, "मग पयल्या मालकानं नारळ दिला का?"

मी हसलो. "आबा, तिकडं नारळ बिरळ नसतो."

"तिकडं नसंल. मालक तर हितलाच हाय न्हवं?"

तेवढंच बोलले. मला वाटलं, विषय संपला.

बाहेरच्यांना हे सांगायला पाहिजे. आमच्याकडे सालगडी पाडव्याला धरतात आणि पुढच्या पाडव्याला सोडतात. सोडताना मालक त्याच्या हातात नारळ देतो. म्हणजे साल भरलं, कुणाचं कुणाकडे काही राहिलं नाही, आता दुसरीकडे जायला मोकळा. नारळाशिवाय निघालेल्या गड्याला आसपासच्या गावांत कुणी कामाला उभं करत नाही. मालक नारळ देत नसेल तर गड्याचा बाप, चुलता, कुणीतरी थोरला माणूस जाऊन मागून आणतो. आबांनी उमेदीची सगळी वर्षं रहिमतपूरकडच्या बागायतीत सालानं काढली होती. आपल्या पोरानं मालक बदलायचा तर नारळ आणणं हे बापाचं काम, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आणि मालकाचं घर सातासमुद्रापार असलं, तरी थोरला भाऊ कोरेगावात बसलाच होता.

पण आडत्यांनी नारळ दिला, म्हणजे मी सुटलो. आणि मी सुटलो असं त्यांनी भावाला कळवलं, म्हणजे पत्र येणार नाही.

"उठा की," बायको म्हणाली. "बसून काय हुतंय? मामंजींची गाडी वडूजला थांबती लय येळ. तुमी ट्रक धरा."

मी तसाच उठलो. फाट्यावर कांद्याचा एक ट्रक मिळाला, तो पुसेगावपर्यंत जाणार होता. ड्रायव्हर फौजेतनं सुटून आलेला, गप्पिष्ट. "काय रं, सासुरवाडीला आग लागल्यागत निगालास?" म्हणाला. मी म्हटलं, वडलांना गाठायचंय. "पैलवान हायत काय? मारामारी करायला गेल्यात?" मायणी गेली, वडूज गेलं. प्रत्येक स्टँडपुढं मी मान बाहेर काढून पाहत होतो, पांढरा पटका कुठं दिसतो का. दिसला नाही. पुसेगावात उतरलो, तर कोरेगावची एसटी नुकती गेलेली. पुढच्या गाडीत उभा राहून निघालो. डोक्यात एकच चाललं होतं: आबा लाजतील, दारात जाऊन परत फिरतील, मोठ्या माणसाची पेढी बघून बुजतील. पण आबा कशाला बुजतील? त्यांनी मागायला जायचं ठरवलं होतं ते हक्काचं होतं.

पेढीवर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आडते गादीवर बसले होते, पांढरी टोपी, पुढं टेलिफोन. आबा समोर घेवड्याच्या पोत्यावर ताठ बसलेले. चहाची कपबशी शेजारी रिकामी पडली होती.

"या," आडते मला म्हणाले. आवाज गोड होता, तेच वाईट. "वडलांनी सगळं सांगितलं. आमच्या भावाचं तळघर तुमाला कमी पडतंय."

"अण्णा, तसं न्हाई..."

"तसंच हाय. कुठल्या तरी गोऱ्याच्या माडीवर जायचंय. जावा की! आमी कुणाला दावणीला बांधून ठेवत न्हाई. तुमच्या वडलांनी नारळ मागितला, आमी देतो. हमाल गेलाय आणायला. आन भावाला आत्ताच सांगून टाकतो." त्यांनी फोनवर हात ठेवला. "ट्रंककॉल लावलाय. लागंल एवढ्यात."

अमेरिकेचा ट्रंककॉल त्या काळी कधी लागायचा, कधी दिवस दिवस लागायचा नाही. मी मनातल्या मनात म्हणत होतो, लागू नये, लागू नये. मी आबांकडे पाहिलं. ते खुशीत होते. त्यांना वाटत होतं, काम झालं.

"आबा," मी म्हणालो, "नारळ घिऊ नका."

"का?"

"आत्ता घेतला तर माझा कागद संपला. सगळं संपलं. तुमच्या सुनंला, नातीला न्यायचं राहिलं."

आबांना ते चटकन कळलं नाही. त्यांना कागदाचं कळतच नव्हतं. मी तिथंच पोत्याशी उकिडवा बसून सांगितलं. आडते ऐकत होते, म्हणून मला खोटंही बोलता येईना आणि खरंही बोलवेना. मी म्हणालो, सरकारनं मला बोलावलंय ते ह्या मालकाच्या कामासाठी. आज त्यानं सोडलं तर सरकार म्हणणार, मग तू कशाला आलास, जा माघारी.

"मग तू कवा सोडणार हुतास?" आबांनी विचारलं.

मी पोत्याची शिवण बोटानं खरवडायला लागलो.

"कार्ड घिऊन?"

आडते हसले. "व्हय आबा. कार्ड घ्यायचं आन पळायचं. लय हुशार झालंय पोरगं."

"अण्णा, मला सुटायचंच न्हाई," मी म्हणालो. "मी तुमच्या भावाकडंच..."

"गप," आबा म्हणाले. "खोटं बोलू नगंस. ह्येला सुटायचं हाय अण्णा. माडी बघितलीय त्येनं, बायकापोरांला ठेवायचं हाय. त्यात काय वंगाळ न्हाई. पर साल तरी भरलंय का ह्येचं?"

"कसलं साल?" आडते म्हणाले.

तेवढ्यात हमाल नारळ घेऊन आला. शेंडीचा, मोठा, पाणीदार. त्यानं तो आबांपुढं धरला. आबांनी हात पुढं केला नाही. हमाल तसाच उभा. "घ्या की आबा," म्हणाला. "सोलून देऊ का?"

"थांब रं," आबा म्हणाले.

आणि फोन वाजला.

आडते फोनवर बोलायला लागले की सगळ्या बाजाराला ऐकू जायचं. "हॅलो! हॅलो! व्हय, मीच. झोपेतनं उठवलं का? ऐक. तुजा तो भट्टीवरचा... व्हय, तोच. त्येचा बाप आलाय हितं. नारळ मागतोय." मग ते बराच वेळ ऐकत राहिले. "मला काय म्हाईत? सोडायचं म्हणतोय." पुन्हा ऐकलं. मी भिंतीला टेकलो होतो. तिकडं पहाट असेल, दिवा लावून मालक फोनपाशी उभा असेल, हे मला दिसत होतं. त्याचा आवाज चढला की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता. आडत्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आबांकडं, आणि फोन आबांपुढं धरला.

"तुमच्याशी बोलायचं म्हणतोय."

आबांनी जन्मात फोन धरला नव्हता. आडत्यांनी तो त्यांच्या कानाला लावून दिला. आबांनी आधी फोनलाच नमस्कार केला, डावा हात छातीशी नेऊन.

"राम राम मालक," ते ओरडले. "पोराचा बाप बोलतोय. न्हाई न्हाई, तुमचा दोष काय न्हाई. दवाखान्यात नेलं, सांगितलंय त्येनं. उपकार हायत." मग थांबले. ऐकलं. "व्हय. सुटायचं म्हणतंय. मी इचारतो, साल कवा भरतंय?" पुन्हा ऐकलं. "न्हाई, तसं न्हाई मालक. चोरून जाणार न्हाई. माजा शब्द हाय. तुमी कागद द्या. कार्ड आलं की त्या दिसापासनं एक साल तुमच्याकडं राबंल. साल भरलं की मी हितं येतो आन अण्णांकडनं नारळ घिऊन जातो. तवा सोडा." ऐकलं. "मी जित्ता असलो तर. नसलो तर त्येचा चुलता यील."

मला वाटलं, आता मालक हसेल, किंवा फोन आपटेल. आबांनी फोन माझ्याकडे दिला.

"तुजे वडील काय बोलतायत?" मालकाचा आवाज घोगरा होता, मधे समुद्राची घरघर. "तू त्या इटालियनकडे जाणार आहेस?"

आबा माझ्याकडे पाहत होते.

"जायचं होतं," मी म्हणालो. "आता एक वर्ष तुमच्याकडं."

तिकडं काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, लाईन तुटली. मग तो म्हणाला, "पत्राचं बघतो." आणि लाईन खरंच तुटली.

बघतो म्हणजे काय? देतो की नाही? मी आडत्यांना विचारलं, ते म्हणाले, "मला काय इचारतोस, तुजा मालक हाय." पण आवाजातली ती साखर गेली होती, आणि ते मला बरं वाटलं. हमाल अजून नारळ घेऊन उभा होता. "ह्येचं काय करू, अण्णा?" त्यानं विचारलं. "घाल तुज्या डोस्क्यात," आडते म्हणाले, आणि मग आबांना, "आबा, जेवून जावा. आमच्या गड्याचा बाप उपाशी जायला न्हाई पायजे."

परतीच्या गाडीत मी आबांशी बोललो नाही. मला राग होता आणि तो कुठं ठेवायचा ते कळत नव्हतं. आबा खिडकीपाशी पटका मांडीवर घेऊन झोपले. विट्याला उतरल्यावर म्हणाले, "तुला लाज वाटली व्हय माजी?"

"न्हाई."

"वाटली. वाटू दे."

घरी बायकोला सगळं सांगितलं. माडी गेली, हे तिला माझ्याआधी कळलं. म्हातारा वर्षभर खोल्या रिकाम्या ठेवणार नव्हता, आणि ठेवल्याही नाहीत. त्याला मी पत्र लिहवून घेऊन कळवलं, त्याचं उत्तर लगेच आलं, चांगल्या शब्दांत, त्यानं दुसरा माणूस घेतला म्हणून. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "तळघरात जिना तर हाय न्हवं?"

"हाय."

"मग मी उतरंन. तुमी कागदाचं बगा."

कागदाचं बघायचं म्हणजे पोस्टमनची वाट बघायची. आमच्या गावचा पोस्टमन सायकलवरनं यायचा, आणि वेशीपाशी घंटी वाजली की मी बाहेर. तो हात हलवायचा, न्हाई म्हणून. रोज. पुढं पुढं त्यालाच अवघड व्हायला लागलं, तो लांबनंच ओरडायचा, "आज बी न्हाई रं, येऊ नगंस उनात." मुलाखतीची तारीख आली, तरी मालकाचं पत्र आलं नव्हतं. बायकोनं भाकऱ्या बांधून दिल्या. मी पत्राशिवायच निघालो. विट्याच्या स्टँडवर गाडीत बसलो होतो, तेव्हा पोस्टमन सायकल दामटत आला. घाम पुसायलाही थांबला नाही, पाकीट खिडकीतनं आत टाकलं. तो गावाकडे न जाता उलटा माझ्यामागं आला होता. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, पण तो माणूस मी विसरलेलो नाही.

पत्र इंग्रजीत होतं, शेजारी बसलेल्या एका मास्तरांनी वाचून सांगितलं, की काम आहे, आणि ते ह्याच माणसाचं आहे.

वकिलातीत काचेपलीकडे एक गोरा साहेब बसला होता आणि शेजारी दुभाषी बाई, मुंबईची, कपाळाला लहानसं कुंकू. साहेबानं कागद चाळले, पत्र वाचलं, आणि बाईंमार्फत विचारलं, ह्याच मालकाकडे काम करणार का?

ह्या प्रश्नाची मला कित्येक महिने भीती होती. अमेरिकेतल्या तळघरात खाटेवर पडून मी ह्याच्या उत्तराची तालीम करायचो, आणि दर वेळी माझा आवाज मलाच खोटा वाटायचा.

"व्हय," मी म्हणालो. "एक साल तरी नक्की. तसं ठरलंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. हळू म्हणाल्या, "नुसतं हो सांगू का? तेवढं पुरतं."

नुसतं हो म्हणणं किती सोपं होतं. पण फोनवर आबा ज्या माणसाला शब्द देऊन आले होते, त्याच्याच पत्रावर मी इथं उभा होतो.

"बोललो तसं सांगा," मी म्हणालो.

त्यांनी सांगितलं. 'वन इयर' मला कळलं. साहेबानं पेन खाली ठेवलं आणि काहीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, "विचारतायत, नंतर काय?"

"नंतर माझे वडील त्यांच्या थोरल्या भावाकडं जाणार. कोरेगावला. मग सोडलं तर जाईन, न्हाईतर ऱ्हाईन."

बाईंना हसू आलं. ते त्यांनी इंग्रजीत कसं घातलं, देव जाणे. साहेब हसला नाही. त्यानं मला वरपासनं खालपर्यंत बघितलं, माझे कागद एका बाजूला सरकवले, आणि दुपारनंतर यायला सांगितलं. होय की नाही, काही नाही. मी समोरच्या कठड्यावर बसलो. भाकरी सोडली, पुन्हा बांधून ठेवली. दुपारनंतर नाव पुकारलं. एक जाड, बंद पाकीट आणि पासपोर्ट. पासपोर्ट उघडून मी व्हिसाचा शिक्का बघितला आणि मग कितीतरी वेळ तिथंच उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "अहो, सरका."

गावी पोचलो तेव्हा आबा दारापुढं शेळी बांधत होते. त्यांनी व्हिसा मिळाला का, असं विचारलं नाही.

"काय इचारलं त्येनी?"

"कुणाकडं काम करणार म्हणून."

"मग?"

"ठरलंय तेच सांगितलं."

आबांनी दाव्याची गाठ ओढून बघितली. "बरं झालं," म्हणाले. "हातपाय धू. तुज्यासाठी जेवायची थांबलीया ती."